पहाटे वाढणारा पीएम २.५ चा आकडा आणि पुढचं शिक्षण

प्रश्न : मी पनवेलला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री, फिजिक्स, गणित. गच्चीवर पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे बारीक धूलिकण मोजणारा स्वस्तातला सेन्सर लावला आहे. डिसेंबरात पहाटे आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की आकडा दुपटीहून जास्त होतो, ऊन चढलं की उतरतो. हे खरं प्रदूषण की सेन्सरची चूक? या विषयात शिकायचं तर केमिस्ट्री सोडून पर्यावरणशास्त्र घेऊ का?

उत्तर : केमिस्ट्री सोडू नकोस. तुला दिसतंय ते फिजिकल केमिस्ट्रीच आहे.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, तसंच हवेतल्या क्षारकणांचं होतं. कोरडा अमोनियम सल्फेटचा कण साधारण ८० टक्के आर्द्रतेला पाणी ओढून द्रावणाचा थेंब होतो. ८५ टक्क्यांना त्याचा व्यास सुमारे १.६ पट आणि आकारमान ४ पटींहून जास्त होतं. तुझा सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो, म्हणून फुगलेला कण त्याला जास्त धूळ वाटतो. अधिकृत पद्धतीत मात्र कण फिल्टरवर गोळा करतात आणि तो फिल्टर ठरलेल्या कमी आर्द्रतेत ठेवून मग वजन करतात. म्हणजे आकड्यातली काही वाढ निव्वळ पाण्याची. काही वाढ खरीही असते, कारण थंड पहाटे जमिनीलगतची हवा वर मिसळत नाही आणि धूर खालीच साठतो.

दोन्ही वेगळं करायला सेन्सरमध्ये शिरणारी हवा थोडी तापवून बघ. इथेच बहुतेकांचं चुकतं. २० अंशांवरची ९० टक्के आर्द्रतेची हवा ३० अंशांना नेली की आर्द्रता ५० टक्क्यांवर येते, पण कण तेवढ्याने वाळत नाही. एकदा ओला झालेला अमोनियम सल्फेट साधारण ३५ टक्क्यांपर्यंत द्रवच राहतो. तो खरंच वाळवायचा तर हवा ३७ अंशांच्या आसपास न्यावी लागेल. उलट फार तापवलंस तर अमोनियम नायट्रेटचं अमोनिया आणि नायट्रिक आम्लात विघटन होऊन ते उडून जातं आणि आकडा खोटा कमी येतो. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची नळी जोडायची असेल तर वेगळा पंप लागेल. सेन्सरचा छोटा पंखा तेवढा अडथळा ओढू शकत नाही. दर नोंदीसोबत आर्द्रता आणि तापमान लिहायला विसरू नकोस, त्याशिवाय नोंदी निरुपयोगी.

पण पाणी फक्त वजन वाढवत नाही, ते प्रदूषण तयारही करतं, आणि मला या विषयातलं सर्वांत मोलाचं काम तिथेच दिसतं. सल्फर डायऑक्साइड त्या पाण्यात विरघळून हायड्रोजन पेरॉक्साइड, ओझोन किंवा नायट्रोजन डायऑक्साइडमुळे सल्फेट होतो. सल्फेट आणखी पाणी ओढतो. यातली कुठली अभिक्रिया जोरात चालेल हे बऱ्याच अंशी कणाच्या पीएचवर ठरतं. ओझोनची अभिक्रिया पाणी आम्लधर्मी झालं की मंदावते. दिल्लीत आणखी एक गोष्ट घडते. आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथे हवेतलं हायड्रोक्लोरिक आम्ल अमोनियाशी मिळून क्लोराइडच्या रूपात कणात शिरतं, कण खूप पाणी धरतो आणि दृश्यमानता घसरते. प्लास्टिक असलेला कचरा जाळणं हा त्या आम्लाचा एक उगम मानला जातो.

म्हणून आता हेन्रीचा नियम (वायू पाण्यात किती विरघळतो), राउल्टचा नियम (द्रावणावरचा बाष्पदाब), आयनांची ॲक्टिव्हिटी (द्रावणातली त्यांची परिणामकारक संहती) आणि प्रावस्था समतोल (घन, द्रव, वायू यांच्यातला समतोल) पक्के कर. परीक्षेपुरते नकोत, गणितं सोडवून. गणित विषय शेवटपर्यंत ठेव. पायथन शीक, तुझ्याच नोंदींचे आलेख त्यात काढ. मग आयसोरोपिया हे मॉडेल हाताळ : सल्फेट, नायट्रेट, क्लोराइड, अमोनिया, तापमान आणि आर्द्रता दिली की ते कणातलं पाणी आणि पीएच काढून देतं.

पदवीच्या शेवटच्या वर्षात जॅमचा, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा, केमिस्ट्री पेपर दे. पुणे विद्यापीठाच्या वातावरण आणि अवकाश विज्ञान विभागाचा एमएस्सीचा पर्यायही बघ. पीएचडीसाठी आयआयटी मुंबई, पुण्याची आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) आणि नागपूरची नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) नजरेसमोर ठेव. आयआयटीएमने दिल्ली विमानतळावर २०१५ पासून हिवाळी धुक्याचा अभ्यास चालवला आहे. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. कायम संशोधकाच्या जागा कमी असतात, हे घरच्यांना आधीच सांग. उपकरण दुरुस्त करता येणारा आणि आकडेवारी स्वतः तपासणारा रसायनज्ञ मात्र पर्यावरण सल्लागार कंपन्यांनाही लागतो.