जर्मनीची ऑफर घ्यावी का? आधी मिसेसच्या डिग्रीचं बघा

तुम्ही विचारलंय की वय ३१, पुण्यात ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअरमध्ये आहात, श्टुटगार्टजवळच्या कंपनीची वर्षाला ६५ हजार युरोची ऑफर आहे, मुलगी तीन वर्षांची, आईवडील साताऱ्याला, तर जावं की नाही, फायदे-तोटे सांगा. आणि मध्येच एक वाक्य टाकलंय, "बायको फिजिओथेरपिस्ट आहे, ती तिकडे काहीतरी करेलच." बाकीचा प्रश्न वाचून मी पुढे गेले असते, पण हे वाक्य डोक्यात गेलं. मीपण फिजिओ. सांगलीची. २०१८ मध्ये नवऱ्याच्या ब्लू कार्डाच्या (उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परमिटच्या) मागे मागे इथे आले, श्टुटगार्टपासून ट्रेननं अर्ध्या तासावर राहतो.

पैशाचं पटकन उरकते, ते तुम्हाला सगळेच सांगतील. ६५ हजार म्हणजे टॅक्स क्लास ३ (नवरा-बायकोपैकी जास्त कमावणाऱ्यासाठीचा, कमी कापणारा) घेतला तर महिन्याला हातात साधारण पावणेचार हजार. त्यातले दीड हजाराच्या आसपास भाड्यात जातात, आणि फ्लॅटमध्ये बऱ्याचदा किचन नसतं, म्हणजे खरंच नसतं, आधीचा भाडेकरू सिंकसकट काढून घेऊन जातो. मुलीचं किंडरगेल्ड, म्हणजे सरकारी बालभत्ता, मिळेल, २०२५ मध्ये ते महिन्याला २५५ युरो होतं. बायको कमवत नसेल तर ती आणि मुलगी तुमच्याच सरकारी इन्शुरन्समध्ये फुकट बसतात. भागतं, व्यवस्थित भागतं, पण पुण्यात दोघं कमवत असाल तर काही श्रीमंत वगैरे झाल्यासारखं वाटणार नाही.

आता मिसेसचं. फिजिओथेरपी इथे रेग्युलेटेड प्रोफेशन आहे, म्हणजे राज्य सरकारनं तुमचं शिक्षण मान्य करेपर्यंत तुम्ही फिजिओ म्हणून पेशंटला हात लावू शकत नाही. त्या मान्यतेला आनेरकेनुंग म्हणतात. सॉफ्टवेअरवाल्याला असलं काही लागत नाही, लॅपटॉप उघडला की काम सुरू, म्हणून आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या नवऱ्यांना हा शब्द बायको वर्षभर घरी बसल्यावर कळलेला असतो. नर्स, डेंटिस्ट, फार्मसिस्ट, डॉक्टर सगळ्यांची हीच कथा, प्रत्येकीचे नियम थोडे थोडे वेगळे.

इथे फिजिओ हा मुख्यतः शाळेनंतरचा तीन वर्षांचा आउसबिल्डुंग, म्हणजे व्यावसायिक कोर्स, आहे, २,९०० तास वर्गातले आणि १,६०० तास दवाखान्यातले. आपलं बीपीटी, म्हणजे फिजिओची डिग्री, माझ्या वेळी इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचं. कुणीही म्हणेल की मग काय, लगेच देतील. नाही देत. डिग्री किती वर्षांची ते बघतच नाहीत, तास बघतात. मसाजचे किती, पाण्यातल्या व्यायामाचे किती, ऑर्थोच्या वॉर्डात किती, न्यूरोला किती, लहान मुलांचे किती, थिअरी वेगळी प्रॅक्टिकल वेगळं, आणि हे सगळं कॉलेजच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी पाहिजे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा छापील सिलॅबस असतो तो जोडायचाच, पण मी स्वतः किती केलं ते कॉलेजनं लिहून द्यावं लागतं.

मी इथे, कॉलेज तिकडे. मग पप्पा गेले. पप्पा एसटीतून रिटायर झालेले, वाहतूक नियंत्रक होते, आयुष्यभर रजिस्टरं लिहिलेला माणूस. क्लार्क म्हणाला असा फॉरमॅट आमच्याकडे नसतो. पप्पा म्हणाले मग कसा असतो? तर तो म्हणाला बोनाफाईड देतो. बोनाफाईड घेऊन मी काय करू? पप्पा दुसऱ्या दिवशी परत गेले तर एचओडी मॅडम परीक्षेच्या ड्युटीवर, नंतर गेले तर मी शिकत असतानाचे एचओडी सोडून गेलेले आणि नवीन मॅडम म्हणतात मी सही कशी करू, मी तर तेव्हा नव्हते. बरोबरच होतं त्यांचं. शेवटी पप्पांनी घरी माळ्यावरच्या ट्रंकेतून माझी इंटर्नशिपची लॉगबुकं शोधली, पोस्टिंगप्रमाणे तासांच्या बेरजा केल्या, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून तक्ता टाइप करून घेतला, आणि डबा घेऊन सकाळी दहाला ऑफिससमोरच्या बाकावर जाऊन बसले. क्लार्कला म्हणाले, तुम्हाला काही लिहायचं नाही, तुमच्या रेकॉर्डशी आकडे ताडून बघा, जुळले तर शिक्का मारा, नाही जुळले तर दाखवा कुठं चुकलं. चार वाजता शिक्का मिळाला. लॉगबुकं जपून ठेवल्याबद्दल मॅडमनी चहा पण पाजला म्हणे.

मग त्याचं भाषांतर. इथे शपथबद्ध भाषांतरकारच लागतो आणि तो ओळीवर पैसे घेतो, स्पेस धरून ५५ अक्षरांची एक ओळ. आपल्या विषयांची नावं एवढी लांबलचक की बिल बघून नवरा म्हणाला, "हे करायलाच पाहिजे का आत्ता?" आत्ता. बरं.

त्याच दिवाळीत सांगलीला गेलो होतो. मी बी२ ची तयारी करत होते, फिजिओला बी२ जर्मन लागतं (ए१, ए२, बी१, बी२ अशा भाषेच्या पायऱ्या असतात), पुस्तकं बॅगेतच होती. माझ्या मोठ्या नणंदबाई, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, फराळाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अगं पण गरज काय गं? त्याचा पगार काय कमी पडतोय का? आणि मी ऐकलं ते खरं का, तिथं मालिश पण करावी लागते म्हणे. एवढं शिकून म्हाताऱ्यांचे पाय चोळायचे?" सगळे हसले. नवरा चकली खात होता, त्याची चकली काही संपेना. मी सासरी होते म्हणून गप्प बसले, पण ते वाक्य मी इतकी वर्षं जवळ ठेवलंय.

तर अक्का, तुम्ही हे वाचणार नाही पण तरी सांगते. हो, मालिश करावी लागते. कागद तपासून कमतरतांची जी यादी आली तिच्यात मसाज होता, पाण्यातले व्यायाम होते, कारण आपल्याकडे आम्ही आयएफटी (विजेच्या करंटचं मशीन) आणि वॅक्स बाथ (गरम मेणाचा शेक) लावून पेशंट मशीनवर ठेवायला शिकलो आणि इथे हातानं काम चालतं. यादी आली की दोन रस्ते असतात, एक तर परीक्षा द्या नाहीतर कमी पडलेले तास भरून काढणारा कोर्स करा. मी कोर्स घेतला. वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं, मला पहिल्या दिवसापासून अरेतुरे. पुढे मी लिम्फ ड्रेनेजचा (सूज उतरवणाऱ्या हलक्या मसाजचा) वेगळा १७० तासांचा कोर्सपण केला. ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ज्या बाईचा हात सुजून ब्लाउजच्या बाहीत जात नाही तिच्यावर मी आठवड्यातून दोनदा काम करते, आणि त्याला तुम्ही पाय चोळणं म्हणा नाहीतर काहीही म्हणा. आता माझा दिवस वीस-वीस मिनिटांच्या पेशंटमध्ये जातो, डॉक्टरची चिठ्ठी असल्याशिवाय कुणी येत नाही, आणि जर्मन बी२ पास झालं तरी श्वेबिश, म्हणजे इथली बोली बोलणाऱ्या, आजीबाई काय बोलतात ते कळायला पुढे बराच काळ गेला, त्या प्रत्येक शब्दाला शेवटी 'ले' लावतात.

हे फक्त स्वाभिमानाचं प्रकरण नाहीये, पुरुष लोकांना कळेल अशा भाषेत सांगते. तुमचं पीआर, म्हणजे कायम राहायचं परमिट, ब्लू कार्डवर बी१ जर्मन असेल तर २१ महिन्यांत होतं, ए१ वर २७ महिन्यांत. तुमचं झालं म्हणून मिसेसचं आपोआप होत नाही. त्यांना बायको म्हणून मिळालेल्या परमिटवर तीन वर्षं काढायला लागतात, बी१ लागतं आणि आठवड्याला किमान २० तासांची नोकरी लागते. तोपर्यंत त्यांचं इथलं राहणं तुमच्या परमिटला बांधलेलं. वाईट बोलू नये पण लग्न मोडलं तर साधारणपणे तीन वर्षं इथे एकत्र संसार झालेला असेल तरच त्यांना स्वतंत्र हक्क मिळतो. जर्मन पेन्शन मिळायला किमान पाच वर्षांची वर्गणी लागते, घरी बसलेल्या बाईची ती भरत नाही, मूल लहान असतानाची काही वर्षं धरतात तेवढीच. म्हणजे बायको "काहीतरी" करत बसली, कुठे कॅफेत चार तास, कुठे मिनीजॉब (थोड्या तासांचं, थोड्या पगाराचं काम), आणि ते २० तास भरलेच नाहीत, तर कागदावर ती दहा वर्षांनीही तुमची डिपेंडंटच राहू शकते.

आणि टॅक्स क्लासचं एक. तुम्ही ३ घेतलात की बायकोला ५ मिळतो, तिच्या पगाराला कात्री लागते आणि तुमचा फुगतो. घरात एकूण टॅक्स वर्षाअखेर रिटर्न भरला की तेवढाच, पण दर महिन्याला तिची स्लिप बघून कुणीतरी म्हणतंच, एवढ्यासाठी एवढी धावपळ? आमच्याकडेही म्हटलं गेलं. वर पुढे मूल झालं तर एल्टर्नगेल्ड, म्हणजे बाळासाठी सुट्टी घेतल्यावर मिळणारा सरकारी भत्ता, हातात पडणाऱ्या पगारावर ठरतं, म्हणजे ५ मधल्या बाईला तिथेही कमी. ती नोकरीला लागायच्या आधीच दोघं ४-४, म्हणजे दोघांना सारखाच क्लास, करून टाका. आमच्याकडे यावरून भांडण झालं आणि मी जिंकले.

आईवडिलांचं विचारलंत. इथे अक्कांना त्यांचं श्रेय देते. सासऱ्यांच्या बायपासच्या वेळी मिरजेला दवाखान्यात अक्का बसल्या होत्या, आम्ही फोनवर होतो. त्या स्वतःचं घर टाकून तिथे झोपल्या, याचं मोल आहेच आणि ते कुणी नाकारत नाही. पण ते माझ्या डिग्रीसमोर मांडू नका. ज्याचे वडील त्याला विचारा की तू का आला नाहीस. मी घरी बसून पोळ्या लाटत असते तरी मिरजेला लवकर पोचले नसतेच.

तुमच्यासाठी यात एक बरी गोष्ट आहे. १ मार्च २०२४ पासून ज्यांना पहिल्यांदा स्किल्ड वर्करचं परमिट मिळतं, ब्लू कार्ड धरून, त्यांना आईवडिलांना इथे राहायला आणायची सोय कायद्यात आहे, आणि मिसेस इथे कायमच्या राहत असतील तर सासूसासऱ्यांनाही. आमचं परमिट जुनं, आम्हाला ती लागू नाही, आमचे लोक १८० दिवसांत ९० दिवसांच्या व्हिसावरच येतात. पण हुरळून जाऊ नका, त्यांचा हेल्थ इन्शुरन्स तुम्हाला दाखवावा लागतो आणि साठी-सत्तरीच्या माणसाला, त्यात शुगर-बीपी असेल तर, परवडणारा मिळणं फार कठीण. शिवाय तुमच्या आईला साताऱ्याहून उठून इथल्या जानेवारीत, पाचच्या सुमारास अंधार पडणाऱ्या गावात, जिन्याची कुणाची साफसफाईची पाळी आहे यावरून शेजाऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचत राहायचंय का, हे तिला विचारलंय का कुणी?

तर जावं का? जा. मला विचाराल तर जा, मी परत येणार नाही. मुलगी तीनची आहे, भाषा सहा महिन्यांत उचलेल. किंडरगार्टनच्या जागेचा कायद्यानं हक्क आहे पण जागा शोधत फिरायला लागतं, आणि आमच्या राज्यात फीपण आहे, बर्लिनसारखं फुकट नाही. पासपोर्टचं आत्ताच डोक्यात घेऊ नका. जर्मनीनं २७ जून २०२४ पासून दोन नागरिकत्वं चालवून घेतली, भारत चालवत नाही, म्हणजे जर्मन झालात की ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड), मग मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आली तर ठीक. साताऱ्याला सातबारावर नाव असेल तर वडिलांशी बोलून घ्या.

हे सगळं माझ्या प्रोफेशनचं आणि माझ्या राज्याचं झालं, दुसऱ्या राज्यात कागदांची यादी थोडी वेगळी असते. आणि ऑटोमोटिव्हमध्ये इथे सध्या माणसं कमी करणं चालू आहे, प्रोबेशन सहा महिन्यांचं असतं, तेवढा काळ पुण्यातलं घर विकू नका, भाड्यानं द्या. काही जणी हौसेनं घरी राहतात, मजेत आहेत, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण त्यांना कुणीतरी आधी विचारलेलं असतं.

मिसेसना पुण्यातच जर्मन सुरू करायला सांगा, मॅक्स म्युलर भवनला ए१ ला नाव घाला, व्हिसाला लागत नाही तरी घाला. आणि ऑफरवर सही करायच्या आधी त्यांच्या कॉलेजातून तासांचं सर्टिफिकेट काढून घ्या, लेटरहेडवर, विषयवार. क्लार्क बोनाफाईड देतो म्हणाला तर घेऊ नका. जायचंच असेल तर ॲडमिशनचा सीझन सुरू व्हायच्या आत जा, नंतर खिडकीवर कुणी भेटत नाही.