पुस्तकाला लागलेली हळद

प्रश्न : माझं वय ४७. दीड वर्षापूर्वी सासूबाईंना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. बोलणं अडखळतं, पण कळतं सगळं. त्यांचं सगळं मीच करते. मिस्टर सकाळी सातच्या लोकलला जातात ते रात्री नऊला येतात, मुलगा बंगळुरूला. मैत्रिणीनं वाढदिवसाला सकारात्मक विचारांची दोन पुस्तकं दिली. एकात लिहिलंय की रोज आरशासमोर उभं राहून 'मी आनंदी आहे' असं म्हणायचं. आठवडाभर म्हटलं, आठव्या दिवशी रडूच फुटलं. आता वाटतं, एवढं वाचूनही मी सुधारत नाही म्हणजे खोट माझ्यातच आहे. मनाला उभारी देईल असं काही सुचवाल का? फार जाड नको. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, ती दोन्ही पुस्तकं आधी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून द्या. मैत्रिणीला सांगायची गरज नाही.

मी एकतीस वर्षं तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसले. परत आलेलं पुस्तक चाळून बघायची सवय तिथलीच. 'आयुष्य बदला' छापाची पुस्तकं मागणीला सगळ्यात पुढे, आणि परतही सगळ्यात लवकर यायची. पेन्सिलीच्या खुणा पहिल्या पंचवीस-तीस पानांवर, पुढे पानं कोरी. (खुणा करू नयेत अशी पाटी होती. असो.) याउलट काही पुस्तकं मुदत उलटून महिन्याने यायची. कडेला हळदीचा डाग, मध्ये खूण म्हणून एसटीचं तिकीट किंवा रेशनची पावती. दंड घेताना मला त्या बाईचा हेवाच वाटायचा. पुस्तक स्वयंपाकघरापर्यंत गेलं होतं ना!

तुमचं रडू मला ओळखीचं आहे. यजमानांची बायपास झाली तेव्हा मी अकरा रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर काढल्या. कुणीतरी प्रेमाने असलंच एक पुस्तक हातात दिलं. 'चिंता ही सवय आहे' एवढं वाचलं आणि मिटून पिशवीत टाकलं. आत माणूस नळ्या लावून पडलाय आणि हा गृहस्थ मला सवयी शिकवतोय! दुसऱ्या दिवशी भाचीला सांगून घरून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मागवली. रात्री दोन वाजता त्या बाकड्यावर मला इतकं हसू आलं की सिस्टर बघायला आली.

तेच तुम्हाला सांगते. पुस्तक जाड आहे, हो. पण सलग वाचायचं बंधन नाही, कुठूनही उघडा. बाईंचा जन्म १८६८ चा. लग्न अकराव्या वर्षी. वडिलांचं टोकाचं सोवळं, नवरा म्हणजे नारायण वामन टिळक, कवी आणि लहरी, कधी उठून निघून जाईल याचा नेम नाही. १८९५ साली तो ख्रिस्ती झाला तेव्हा या मागे राहिल्या, पुढे कित्येक वर्षं ताटातूट. नंतर पुन्हा संसार मांडला, नगरला प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषाही केली. शाळेचं शिक्षण म्हणाल तर जवळपास नाहीच. आणि हे सगळं सांगताना बाई स्वतःची फजिती आधी सांगतात, रडगाणं गात नाहीत. पण दुःख झालंच नाही असंही कुठे म्हणत नाहीत, आणि आरशासमोरच्या त्या वाक्यात मला नेमकं हेच खटकतं. टिळक १९१९ साली गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य या बाईंनी पुरं केलं.

आणखी एक करून बघा. सासूबाईंना कळतं म्हणता, तर दुपारी त्यांचं जेवण झालं की यातली चार-पाच पानं मोठ्याने वाचा. सोवळ्याओवळ्याच्या गोष्टी त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ओळखीच्या असतील. औषध, लघवी आणि कूस बदलणं सोडून तुमच्या दोघींत दिवसभरात दुसरं काही बोलणं होतं का? मला तुमच्या पत्रावरून नाही वाटलं.

पण एक पुस्तक फक्त तुमचं हवं. त्यासाठी अनिल अवचटांचं 'छंदांविषयी' घ्या. ओरिगामी, लाकडातली शिल्पं, बासरी, स्वयंपाक असे एकेक छंद या माणसाला कसे लागले, त्याच्या गप्पा आहेत. व्यसनमुक्तीचं 'मुक्तांगण' ज्यांनी पत्नी डॉ. सुनंदा यांच्याबरोबर १९८६ साली पुण्यात उभं केलं, तेच हे अवचट. दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकणारा माणूस घरी येऊन कागदाला घड्या घालत बसायचा, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यातून काही कमवायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. तुमचाही असा एखादा छंद वीस वर्षांपूर्वी कुठेतरी राहून गेला असेल. क्रोशाची सुई असेल, पेटी असेल.

मिस्टरांसाठी डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' आणा. गडचिरोलीत लोकांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या या डॉक्टरांना चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला, आणि आपण स्वतःच्या शरीराकडे बघितलंच नव्हतं हे त्यांनी सरळ कबूल केलं. आहार, चालणं, श्वास, ध्यान हे सगळं ते स्वतःवर करून बघत सांगतात, म्हणून पटतं. आमच्या घरी या पुस्तकाचा परिणाम पुरे सोळा दिवस टिकला. सतराव्या दिवशी पाऊस होता. पण तेव्हापासून वरून मीठ घेणं बंद झालं ते आजतागायत बंद आहे.

पुस्तक मिस्टरांच्या हातात देताना हेही सांगा की रविवारी चार ते सात आईजवळ ते बसणार. कूस बदलायची, पाणी पाजायचं, सगळं. तुम्ही त्या वेळात स्वतः वाचनालयात जायचं, पुस्तक घरी मागवायचं नाही. मधे वडापाव खाल्लात तरी चालेल. पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी माणसाला कुशीवर वळवणाऱ्या बाईला कुठलंही पुस्तक दुसरे दोन हात देत नाही. ते घरातल्यांकडूनच मागावे लागतात. जमत असेल तर दिवसातून चार तासांची मदतनीसही बघा.

आणि रडू रोजचंच झालं, झोप उडाली, जीव नकोसा वाटला, तर पुस्तक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असतो. तापाला आपण पुस्तक शोधत नाही, मग याला का शोधावं?

प्रश्न : मुलगा पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करतो. पूर्वपरीक्षेत दोनदा राहिला. खोलीच्या भिंतीवर प्रेरणादायी वाक्यं चिकटवलीत, पण फोनवर आवाज पडलेला असतो. कुठलं पुस्तक पाठवू? — निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : सर, डॉ. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही चरित्रात्मक कादंबरी पाठवा. अमेरिकेतल्या या मानसतज्ज्ञाने १९५५ साली विवेकनिष्ठ मानसोपचाराची, म्हणजे आपलेच अविवेकी विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीची, मांडणी केली. तो एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला घाबरायचा. म्हणून न्यूयॉर्कच्या एका बागेत जाऊन महिनाभरात शंभर जणींशी बोलला. भेटायला यायचं कबूल केलं फक्त एकीने, आणि तीही आली नाही! पण नकाराने माणूस मरत नाही हे त्याला कळलं. दोनदा नापास झालेल्या मुलाला हा हिशोब भिंतीवरच्या वाक्यापेक्षा लवकर कळेल. आवडलं तर डॉ. आनंद नाडकर्णींचं 'स्वभाव-विभाव' पाठवा, त्यात हीच पद्धत आपल्याकडच्या माणसांच्या भाषेत आहे.

फक्त पहिल्या पानावर काही लिहू नका. आमच्याकडे देणगीत अशी पुष्कळ पुस्तकं यायची. पहिल्या पानावर वडिलांच्या सुरेख अक्षरात आशीर्वाद, तारखेसकट, आणि पुढची पानं एकमेकांना चिकटलेली. मी ती बोटाने सुटी करायचे आणि मग शिक्का मारायचे.