मीटर फिरतंय ते कुणाचं?

वाचकांचे प्रश्न : घरची वीज आणि पाणी

या वेळच्या पत्रांमध्ये काटकसरीच्या प्रश्नांपेक्षा बिलांबद्दलचा संताप जास्त आहे. संताप रास्त असू शकतो. पण बिलच चुकीचं असेल तर पंखे बंद करून उपयोग नाही, आणि फ्लशची टाकी गळत असेल तर तक्रार-अर्जाने ती थांबत नाही. त्यामुळे दोष कुणाकडे आहे हे ठरवणाऱ्या चाचण्या आधी घेतल्या आहेत.

प्रश्न : आमच्या भागात वीज खासगी कंपनीकडे आहे. मीटर बदललं आणि वापर २१० युनिटवरून ३४० वर गेला. माणसं तीच, पंखे तेच. कार्यालयात 'वापर कमी करा' एवढंच सांगतात. मीटर पळतंय की नाही, हे घरी कसं कळेल? (एक वाचक, ठाणे जिल्हा)

आधी बिलावरच्या दोन्ही रीडिंगच्या तारखा बघा. मधे ४५ दिवस गेले असतील तर ३४० युनिट म्हणजे तीस दिवसांचे २२७ च होतात. मग दोष मीटरचा नाही, उशिरा आलेल्या रीडिंगचा आहे. अशा बिलात स्लॅबही दिवसांच्या प्रमाणात वाढवून मिळायला हवा : १०० चा १५०, ३०० चा ४५०. तसं झालं नसेल तर तेवढीच तक्रार करा, ती लवकर निकाली निघते.

तारखा बरोबर असतील तर मीटरसमोर उभं राहायची तयारी ठेवा. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 'इंप/केडब्ल्यूएच' असा आकडा छापलेला असतो. तो ३२०० असेल तर ३२०० वेळा लुकलुकल्यावर एक युनिट होतं. इन्व्हर्टर बंद करा, घरातले सगळे प्लग उपटून काढा, बटणं बंद करा, मेन मात्र चालू ठेवा. पाच मिनिटं दिवा बघा. पाच मिनिटांत एकदा लुकलुकला तर भार जेमतेम पावणेचार वॅटचा, तो सोडून द्या. सारखा लुकलुकत असेल तर बोर्डावरचे छोटे एमसीबी (प्रत्येक लायनीचे, जादा करंटला आपोआप पडणारे स्विच) एकेक करून पाडा. ज्याच्यामुळे थांबेल त्या लायनीत गळती आहे. बहुतेकदा ती ओल आलेल्या भिंतीतल्या वायरीत सापडते.

सगळे एमसीबी पाडले तरी दिवा थांबत नाही, असंही होतं. जुन्या चाळींत आणि वाड्यांत तर हमखास. कारण हे : छोटे एमसीबी फक्त फेज (करंट आणणारी तार) तोडतात, न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) जोडलेलाच राहतो. शेजारच्या खोलीचा न्यूट्रल कधीकाळी कुणीतरी तुमच्या न्यूट्रलला बांधलेला असतो, त्यामुळे त्यांचा करंट तुमच्या मीटरमधून परत जातो. जुनं चकतीचं मीटर फक्त फेजचा करंट मोजायचं, म्हणून इतकी वर्षं काही कळलं नाही. नवं मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडे पाहतं आणि जिकडे करंट जास्त तो धरतं. तेव्हा मीटर पळत नाही, ते शेजाऱ्याचंही मोजतंय. खात्री करायची तर दोन्ही तारा तोडणारं मेन पाडा. लुकलुक थांबली तर न्यूट्रलची सरमिसळ नक्की. तरीही थांबली नाही, तर मीटर आणि मेन यांच्या मधेच कुणीतरी तार जोडली आहे, किंवा मीटर बिघडलंय. न्यूट्रल वेगळा करणं हे परवानाधारक वायरमनचं काम, स्वतः हात घालू नका.

मीटरची अचूकता पाहायला पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड भरल्या बादलीत लावा, बाकी सगळं बंद. इस्त्री घेऊ नका, ती मधेच आपोआप बंद होते. मोबाइलवर एक मिनिट दिव्याचं चित्रण करा आणि नंतर सावकाश मोजा. ३२०० च्या मीटरवर साधारण ८० वेळा लुकलुकायला हवं. मात्र हे २३० व्होल्टला. मीटरच्या पडद्यावर व्होल्टेजही फिरतं; ते २१० असेल तर तोच रॉड १२५० वॅटच ओढतो आणि आकडा ६७ च्या आसपास येतो. रॉडवर छापलेल्या वॅटमध्येही थोडा फरक असतो, म्हणून पाच-सात इकडेतिकडे झाले तर भांडायला जाऊ नका. शंभरावर गेलं तर लेखी अर्ज देऊन तुमच्यासमोर मीटर तपासून मागा आणि अहवालाची प्रत घ्या.

एक गोष्ट कंपनीचं कार्यालय आपणहून सांगत नाही. फ्रँचायझी भागात, म्हणजे मूळ वितरण कंपनीने खासगी कंपनीला काम सोपवलेल्या भागात, वितरणाचा परवाना मूळ कंपनीकडेच असतो, आणि वीज कायदा २००३ च्या कलम १४ प्रमाणे पुरवठ्याची जबाबदारीही तिचीच राहते. 'ते आमच्याकडे येत नाही' हे उत्तर दोन्हीकडून ऐकून घरी येऊ नका. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्याच्या निकालानंतर ६० दिवसांत विद्युत लोकपाल. दरम्यान बिल अडवून बसणं मात्र अंगाशी येतं. कलम ५६ नुसार, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. एरवीही तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. पत्राच्या आपल्या प्रतीवर पोच-शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका.

प्रश्न : नळाला पाणी येण्याआधी दहा मिनिटं नुसती हवा फुसफुसते आणि पाण्याचं मीटर गरगर फिरतं. हवेचे पैसे भरायचे का? (एक वाचक, विदर्भ)

फिरतं हे खरं. मीटरमध्ये पात्यांचं चाक असतं, ते त्याचे फेरे मोजतं; ढकलणारं पाणी आहे की हवा हे त्याला कळत नाही. पाणी ठरावीक वेळीच सुटतं तिथे रिकाम्या पाइपातली हवा पुढे रेटली जाते. चोवीस तास दाब असलेल्या लायनीत हा प्रश्न जवळपास उरत नाही.

हवा किती ते टाकीने मोजता येतं. उभी गोल टाकी घ्या, आतला व्यास मोजा, भिंतीवर खडूने दोन खुणा करा. व्यास एक मीटर आणि खुणांमध्ये ५० सेंटिमीटर अंतर असेल तर मधे ३९३ लिटर बसतात, म्हणजे मीटर ०.३९३ ने पुढे जायला हवं (पाण्याचं एक युनिट म्हणजे १००० लिटर). ही मोजणी दोनदा करा. एकदा पाणी यायच्या आधीपासून, एकदा पाणी अर्ध्यावर सुरू असताना, आणि तेवढा वेळ टाकीतून घरात पाणी सोडू नका. दोन्हींतला फरक ही हवा. दुसरी मोजणीच पाच टक्क्यांहून जास्त चुकत असेल तर मीटर सदोष आहे, हवा नाही.

उपाय साधा आहे. मीटरनंतरचा कॉक बंद ठेवा आणि शेजारी पाणी सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी हळूहळू उघडा. हवा सोडणारा वॉल्व्ह मीटरच्या आधी लागतो, तो भाग तुमचा नाही. त्याची मागणी लेखी करा. आणि थेट लायनीवर मोटर लावू नका. ती पाण्याबरोबर हवा ओढते, शिवाय फुटक्या जोडांतून गटाराचं पाणीही.

प्रश्न : नळ सगळे कोरडे, तरी पाण्याचे युनिट वाढले. गळती शोधायची कुठे?

संडासाच्या फ्लशमध्ये. टाकीचा अँगल कॉक बंद करा, आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ मारा, अर्धा तास थांबा. पातळी उतरली तर खालचा वॉशर गळतोय. उतरली नाही, पण कॉक उघडल्यावर भांड्यात बारीक धार दिसते, तर फ्लोट वर बसलाय आणि जादा पाणी मधल्या उभ्या नळीतून वाहून जातंय. फ्लोट इतका खाली घ्या की पाणी नळीच्या तोंडाच्या दोन सेंटिमीटर खाली थांबेल. (हळद टाकून पाहायचा सल्ला ऐकिवात आहे. ती तळाशी बसते आणि वॉशर पिवळा होतो, एवढंच.)

वॉशर काढायला बटणाखालचा उभा वॉल्व्ह डावीकडे पाव फेरा फिरवून वर उचला. त्याच्या बुडाला सिलिकॉनची गोल चकती असते. बोअरच्या पाण्याने तिच्यावर क्षार चढतो. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून तासभर बुडवून ठेवा. कडा कापली गेली असेल तर नवी आणा, पण जुनी दुकानात घेऊन जा, मापं सारखी नसतात. टाकीत क्लोरीनच्या गोळ्या टाकायची सवय असेल तर सोडा, रबर कडक होतं. वीटही नको, ती झिजून माती सुटते आणि वॉल्व्हमध्ये अडकते.

ठिबकणारा नळ दहा मिनिटं पेल्यात धरा आणि मिलिलिटरला १४४ ने गुणा. १५० मिलि म्हणजे दिवसाला साडेएकवीस लिटर.

प्रश्न : नळाला एरेटर लावला आणि पाणीच येईना. (सातवा मजला)

एरेटर म्हणजे नळाच्या तोंडाला बसणारी, पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी. तुमच्याकडे ती लावायलाच नको होती. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळापेक्षा चार मीटर उंच असेल तर दाब फक्त ०.४ बार मिळतो. प्रवाह नियंत्रित करणारे एरेटर साधारण एक बारच्या पुढे नीट चालतात. तोच एरेटर पहिल्या मजल्यावर द्या, तिथे दोन बारच्या वर दाब असतो आणि उधळपट्टीही तिथेच होते. घ्यायच्या आधी लिटरचं माप नळाखाली धरा : पाच सेकंदांत भरलं तर मिनिटाला १२ लिटर. नळाला बाहेरून आटे असतील तर २२ मिमीचा, आतून असतील तर २४ मिमीचा एरेटर बसतो. रेती आली की जाळी उघडून धुवा.

प्रश्न : गीझर दिवसभर चालू ठेवणं स्वस्त की लागेल तेव्हा?

लागेल तेव्हा. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला ०.६१ युनिट आणि २००० वॅटच्या गीझरला अठरा मिनिटं लागतात. त्यात गार पाणी मिसळून ४० अंशांचं ३५ लिटर होतं, म्हणजे जवळजवळ दोन बादल्या. दिवसभर ठेवलेला गीझर न्हाणीघराला ऊब देतो, दुसरं काही नाही. क्षारामुळे युनिट फार वाढतात हा समज मात्र चुकीचा. उष्णता अखेर पाण्यातच जाते. फक्त वेळ लागतो आणि कॉइल जळते.

प्रश्न : खासगी कंपनी गेली तर दर कमी होतील का?

फ्रँचायझी असेल तर नाही. दर वीज नियामक आयोग ठरवतो, फ्रँचायझी नाही. नागपूरचे महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स हे तीन विभाग २०१९ मध्ये महावितरणकडे परत आले, तेव्हाही लागू दर महावितरणचेच होते. तक्रार असते ती रीडिंग, दुरुस्ती आणि वागणुकीची; तीवर जरूर भांडा. मुंबईत गोष्ट वेगळी : तिथे प्रत्येक परवानाधारकाचे दर आयोग स्वतंत्रपणे ठरवतो. तुलना करायची तर नुसता युनिटचा दर पाहू नका, वहन आकार (वीज वाहून आणण्याचा) आणि स्थिर आकार मिळवून येणाऱ्या रकमेला आपल्या युनिटांनी भागा.

प्रश्न : बीएलडीसी पंखा घेतला, पण तो गुरगुरतो आणि मधेच थांबतो.

भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून तार थेट जोडून घ्या. बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणारी, ब्रश नसलेली मोटर; हा पंखा गती आतल्या सर्किटने सांभाळतो, बाहेरून तोडलेलं व्होल्टेज त्याला चालत नाही. मग ७५ वॅटऐवजी तो ३० वॅट घेईल. रोज पंधरा तास चालत असेल तर महिन्याला एका पंख्यामागे वीस युनिट वाचतात.