हलक्या हॉट रॉडला किती स्टॉलचा कन्व्हर्टर?

तुझ्या हलक्या हॉट रॉडच्या (ताकद वाढवलेल्या जुन्या गाडीच्या) ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ३००० स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग, लावायचं मनात बसलंय तुझं, पण जरा थांब. स्टॉल म्हणजे कन्व्हर्टर घसरायचा थांबून नीट पकडतो तो इंजिनचा आरपीएम. डब्यावरचा स्टॉलचा आकडा काही पक्का नसतो. तोच कन्व्हर्टर जड गाडीत जास्त आरपीएमवर पकडतो आणि हलक्या गाडीत कमी, कारण हलकी गाडी लगेच पुढे सरकते, इंजिनवर तेवढा भार येतच नाही. म्हणून कन्व्हर्टर बनवणाऱ्याला गाडीचं खरं वजन, कॅमची (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) माहिती, मागचा गिअर रेशो आणि टायरची उंची सांग. वजन अंदाजे नको, काट्यावर करून घे.

आता हिशोब बघ. २८ इंची टायर, मागचा गिअर रेशो ३.००, ओव्हरड्राइव्ह (इंजिनचा वेग कमी ठेवणारा वरचा गिअर) नाही, तर ताशी ६० मैलांना इंजिन साधारण २१६० आरपीएमवर फिरतं. तिथे ३००० सोड, २८०० चा कन्व्हर्टर लावलास तरी रस्ताभर घसरत राहील आणि गिअरबॉक्सचं तेल तापवेल. कॅम सौम्य असेल तर २००० ते २२०० पुरे. गाडी हलकी आहे, उठायला तिला फार मदत लागत नाही. गिअरबॉक्सच्या तेलाला कूलर मात्र वेगळा लावच.

बसवताना घाई करू नकोस. आधी कन्व्हर्टरमध्ये लिटरभर गिअरबॉक्सचं तेल ओत, मग फिरवत फिरवत आत ढकल. गिअरबॉक्सच्या पंपात नीट बसला, की फ्लेक्सप्लेटला (इंजिनच्या मागच्या पातळ चकतीला) बोल्ट लावण्याआधी दोघांत ३ ते ५ मिलिमीटर फट राहायला हवी. मी एकदा फट न बघताच बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनला ओढून घेतला होता. पहिल्याच स्टार्टला पंप गेला.