पुणेकर की पुणेरी?
लिहिताना गावावरून माणसाला काय म्हणायचं, हे आवर्जून विचारलंत, बरं वाटलं. आधी एकच फरक पक्का करा: माणूस पुणेकर, पगडी पुणेरी. तसंच कोल्हापूरकर माणूस, कोल्हापुरी चप्पल. ‘पुणेरी लोकांनी मतदान केलं’ असं लिहिलंत की वाचणारा अडखळतो, कारण ‘पुणेरी’त रहिवासापेक्षा ढंग जास्त ऐकू येतो.

नवीन माणूस हमखास चुकतो त्या जागा:

- सगळीकडे ‘-कर’ लावणं. गावाला, शहराला तो शोभतो. प्रदेशाला बहुधा नाही. खानदेशी, वैदर्भीय म्हणा.
- ‘वऱ्हाडी’ म्हणजे वऱ्हाडातला माणूस, आणि लग्नाला आलेलाही. वाक्यातून नेमका कोण ते कळू द्या.
- ‘घाटी’ टाळाच. मुंबईत तो हिणवायला वापरतात, आणि ऐकणाऱ्याला लागतो. ‘घाटावरचे’ म्हणा.

आडनावांतला ‘-कर’ सध्या बाजूला ठेवा.