शेतावर मकाव, इग्वाना, बॉल पायथन ठेवून ‘हात लावून बघा’ असा व्यवसाय आठ लाखांत सुरू करता येईल का?

तुमच्या प्रश्नातले आकडे आधी एकत्र मांडतो. भोरजवळ दीड एकर जागा, शनिवार-रविवार पुण्याकडून येणारी कुटुंबं, माणशी ३०० रुपये तिकीट, रविवारी दीडशे माणसांचा अंदाज, ८ लाख भांडवल, त्यात सोसायटीचं कर्ज. मुलांच्या हातात द्यायला मकाव (मोठा परदेशी पोपट), इग्वाना (मोठा सरडा), बॉल पायथन (लहान जातीचा बिनविषारी अजगर) आणि शुगर ग्लायडर (झाडावरून झाडावर तरंगत जाणारा छोटा प्राणी). आणि परवाना कोणाचा लागतो, ही विचारणा.

मी पशुवैद्य आहे. कुत्र्या-मांजरांबरोबर पोपट, कासवं, सरडेही माझ्याकडे येतात आणि आसपासच्या कृषी पर्यटन केंद्रांवरही जाणं होतं. माझं मत सरळ आहे: व्यवसाय होईल, पण तुमच्या यादीतल्या चौघांपैकी एकाच्याही जोरावर होणार नाही.

तुमचं गिऱ्हाईक पैसे मोजणार आहे ते प्राण्याला हात लावायला मिळणाऱ्या वेळेचे, आणि तो वेळ या प्राण्यांकडे फार थोडा असतो. बॉल पायथनचंच बघा. चौघांत तोच सर्वांत शांत. पण उंदीर गिळल्यावर निदान दोन दिवस त्याला उचलायचं नाही, नाहीतर ओकून टाकतो. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, नीट दिसत नाही, तो दचकतो. तेव्हाही हात लावायचा नाही. उरलेल्या दिवसांत दहा-दहा मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या, यापलीकडे मी परवानगी देणार नाही. एका फेरीत सहा मुलं धरली तर दिवसाला वीस-पंचवीस मुलं झाली. बाकीच्या सव्वाशे माणसांनी काय करायचं? ‘तिकीट काढलंय, जरा धरू द्या की’ असं म्हणणारा बाप समोर उभा राहिला की काउंटरवरचा पोरगा नियम मोडतो. काही आठवड्यांत साप खाणं सोडतो आणि मग मला फोन येतो.

शुगर ग्लायडर निशाचर आहे. सकाळी अकरा वाजता तो गाढ झोपेत असतो, आणि तुमची गर्दी नेमकी तेव्हाच येते. माझ्याकडे येणारे बरेचसे मागच्या पायांनी लुळे पडलेले असतात, कारण मालक फळं आणि मधावर ठेवतो आणि कॅल्शियमचा पत्ता नसतो. इग्वानाचं पिल्लू गोजिरवाणं दिसतं, पण काही वर्षांत ते नाकापासून शेपटीपर्यंत चार-पाच फुटांचं होतं. माजावर आलेला नर रोज खायला घालणाऱ्यालाही चावतो. शेपटी पकडली तर ती तुटून हातात राहू शकते, आणि शाळेच्या सहलीसमोर ते झालं तर तुमची बदनामी पुण्यात तुमच्या आधी पोहोचेल. यूव्हीबी दिवा (उन्हातल्या अतिनील किरणांची जागा घेणारा) नसेल तर जबड्याची हाडं मऊ पडतात, ते वेगळंच.

मकाव दिसायला राजा. पण तो एक-दोन माणसांना जीव लावणारा पक्षी आहे. रोज नवे शंभर हात अंगावर आले की स्वतःची पिसं उपटायला लागतो, आणि छाती उघडी पडलेला पक्षी बघून लोक तुमच्याबद्दलच वाईट बोलतात. टणक कवचाची फळं फोडणारी ती चोच लहान मुलाच्या बोटाचं काय करेल, हे सांगायला नको. वर आयुष्य चाळीस-पन्नास वर्षांचं. तुमच्यानंतर त्याला कोण बघणार, हा घरात आधी विचारायचा प्रश्न आहे.

आता कायदा. तुम्ही लिहिलंत की विक्रेता म्हणतो, ‘हे परदेशी प्राणी आहेत, यांना काही लागत नाही.’ हे पूर्वी बऱ्याच अंशी खपून जायचं, आता नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या प्राण्यांसाठी त्यात वेगळी अनुसूची चार आली. मकाव, हिरवा इग्वाना, बॉल पायथन हे तिघेही त्यात येतात. २८ फेब्रुवारी २०२४ ला नोंदणीचे नियम निघाले. असा प्राणी जवळ असेल तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश २.०’ या पोर्टलवर नोंद हवी, आणि जन्म, मृत्यू, दुसऱ्याला देणं, हे सगळंही कळवावं लागतं. काही विक्रेते २०२० च्या स्वयंघोषणा योजनेतल्या (जवळचे परदेशी प्राणी सरकारला आपणहून कळवायची योजना) प्रमाणपत्राची झेरॉक्स दाखवून गिऱ्हाईक गप्प करतात. तो कागद ज्याने घोषणा केली त्याचा आहे. तुमच्या नावावर प्राणी कसा येणार, ते विचारा. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांमधून मुंबई विमानतळावर इग्वाना आणि साप पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. स्वस्तातला प्राणी कुठून येतो, याचा अंदाज त्यावरून घ्या.

दुसरी अडचण याहून मोठी आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. अनुसूचित प्राणी बंदिस्त ठेवून लोकांना दाखवण्याची जागा, मग ती स्थिर असो वा फिरती, कायद्याच्या दृष्टीने प्राणिसंग्रहालय ठरू शकते. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय ते चालवता येत नाही. आणि तिथे प्रेक्षकांनी प्राण्याला डिवचायला, खाऊ घालायलाच मनाई आहे. म्हणजे मान्यता मिळवलीत तरी ‘हात लावा, खाऊ घाला’ हा तुमचा मूळ मालच बाद होतो. म्हणून यादी करून उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात अर्ज द्या आणि लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘चालतंय’ काही कामाचं नाही. तिकीट लावून प्राण्यांचे खेळ किंवा करमणूक करायची असेल तर २००१ च्या नियमांप्रमाणे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, तेही त्याच पत्रव्यवहारात विचारून घ्या.

आपल्याकडचे वन्यप्राणी तर अजिबात नकोत. साधा राघू, मैना, तारांकित कासव, घोरपड, घुबडाचं पिल्लू, काहीही नको. तुम्ही प्राणी ठेवता हे गावात कळलं की पोरं पोत्यात घालून आणून देतील. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, तिथे शिक्षा ३ ते ७ वर्षांची. १९२६ वर वनविभागाला फोन लावायचा आणि त्यांच्या ताब्यात द्यायचं.

आजारांचं ऐका, कारण यात मुलं गुंतलेली आहेत. कासवं, सरडे, साप ठणठणीत दिसत असतानाही विष्ठेतून साल्मोनेला हे जुलाब-तापाचे जंतू टाकत असतात. अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाची कासवं पाळायला विकण्यावर १९७५ पासून बंदी आहे ती याच कारणाने. मुलं ती तोंडात घालायची. पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला न्यूमोनियासारखा सिटॅकोसिस होतो. माझा नियम असा की पाच वर्षांखालच्या मुलांना सरपटणाऱ्या प्राण्यांना हात लावू द्यायचाच नाही, आणि बाहेर पडायच्या वाटेवरच साबण-पाण्याचे नळ ठेवायचे, म्हणजे हात धुतल्याशिवाय कोणी भाकरीकडे पोहोचणार नाही. सॅनिटायझरची बाटली मातीने माखलेल्या हाताला पुरत नाही. हुरड्याची पंगत आणि प्राण्यांचं आवार यांत चांगलं अंतर हवं, वाऱ्याची दिशा बघून.

बर्ड फ्लूचं नाव काढलं की लोक कोंबड्यांचं बोलतात. देशातला पहिला उद्रेक २००६ साली आपल्याच नवापूरला झाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. तुमच्या जवळपास पोल्ट्री असेल तर तिच्यावर आलेलं संकट तुमच्या पिंजऱ्यांवरही येतं. नवीन आणलेला कोणताही पक्षी महिनाभर वेगळा ठेवायला एक लांबची खोली आधी बांधा, बाकी सगळं नंतर.

मग ठेवायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर गिनी पिगपासून सुरुवात केली असती. दक्षिण अमेरिकेतला प्राणी, शहरातल्या मुलांना नवा, दिवसा जागा, मांडीवर गोणपाट टाकून बसवला तर निवांत बसतो. पिशवी वाजली की खाऊ आला समजून शिट्टीसारखा ओरडतो, त्यावर मुलं खूश. त्याला रोज क जीवनसत्त्व बाहेरून लागतं. पेरू, ढोबळी मिरची, कोथिंबीर पुरते. तीस अंशांवर मात्र त्याचे हाल होतात, म्हणून कौलारू शेड, झाडाची सावली आणि उन्हाळ्यात ओली पोती. नर-मादी वेगळे ठेवा, नाहीतर सहा महिन्यांत किती झाले ते मोजता येणार नाहीत. वीस-पंचवीस असले की आळीपाळीने विश्रांती देता येते, जे एका मकावच्या बाबतीत अशक्य आहे.

दुसरं, बजरिगर आणि कॉकटिल या छोट्या परदेशी पोपटांचा, आत शिरता येईल असा मोठा जाळीचा पिंजरा. हे दोन्ही पक्षी साइट्सच्या परिशिष्टांबाहेर आहेत. हातात राळ्याचं कणीस धरून उभं राहिलं की पक्षी आपणहून येऊन बसतात. नको वाटलं की उडून जातात. हात लावायचा की नाही हे पक्ष्याने ठरवलं की चावणंही जवळजवळ संपतं.

तिसरा इमू, म्हणजे उडता न येणारा मोठा ऑस्ट्रेलियन पक्षी, कुंपणापलीकडून. २०१२ साली तामिळनाडूत पेरुंदुराईची इमू कंपनी बुडाली आणि परतखरेदीच्या आश्वासनावर पैसे घातलेले शेतकरी हात चोळत बसले. आपल्याकडेही त्या लाटेत अनेकांनी हात पोळून घेतले. मांसाचा आणि तेलाचा धंदा फसला, पण बघायला हा पक्षी आजही भारी आहे. अंडं गडद हिरवं, आणि ते उबवतो नर. सुमारे आठ आठवडे जवळपास उपाशी बसून. हे सांगणारा माणूस शेजारी उभा असेल तर लोक अर्धा तास हलत नाहीत. लाथ जबर असते, म्हणून आत कोणालाही सोडायचं नाही, खाऊ लांब दांड्याच्या पळीतून.

यांच्या जोडीला संगमनेरी किंवा उस्मानाबादी शेळ्या, टर्की, बदकं, एखादं गाढव. हिंजवडीत वाढलेल्या मुलाला गाढवाचे कान मकावइतकेच नवे असतात, हे मी डोळ्यांनी बघतो. चाऱ्याची वाटी वेगळी २० रुपयांना विका. तिकिटापेक्षा त्यात मार्जिन बरं असतं. फक्त दिवसाच्या वाट्या मोजून ठेवा, नाहीतर रविवारी संध्याकाळी शेळ्यांची पोटं फुगतात.

मोठ्या नावाच्या प्राण्यामागे जायचा मोह होतो, ते समजतं. राणीच्या बागेत जुलै २०१६ मध्ये आठ पेंग्विन आले, त्यातला एक ऑक्टोबरमध्येच गेला आणि पुढे कितीतरी महिने महापालिका उत्तरं देत होती. तिच्यामागे तिजोरी आणि वकील होते. तुमच्यामागे सोसायटीचं कर्ज आहे.

पैशांचं म्हणाल तर ८ लाखांतले साडेतीन-चार शेड, जाळी, नळ, सावली आणि ती वेगळी खोली यांत घाला. प्राण्यांवर लाखभराच्या वर नको. उरलेले पहिल्या वर्षाच्या पगारांसाठी हात न लावता ठेवा, कारण सोमवार ते शुक्रवार गेट बंद असलं तरी प्राणी खातात आणि दोन माणसं कामावर लागतातच. मार्चमध्ये परीक्षा, मेमध्ये ऊन, जुलैत चिखल. चांगला हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच धरा. शाळांच्या सहली मधल्या वारी मिळाल्या तर गणित बरंच सुधारतं, आणि शाळा आधी पब्लिक लायबिलिटी विम्याची (पाहुण्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा) प्रत मागतात, तेव्हा तो पहिल्या महिन्यातच काढा. पर्यटन संचालनालयाकडे कृषी पर्यटन केंद्र म्हणून नोंदणी केलेली नसेल तर तीही करा. २०२० च्या धोरणात शेतकऱ्याला एक एकरावरही करता येते.

विक्रेत्याला या आठवड्यात एकच निरोप पाठवा: प्रत्येक प्राण्याचा परिवेशवरचा नोंदणी कागद आणि तुमच्या नावावर हस्तांतराची प्रक्रिया लेखी द्या, मग आगाऊ रक्कम. त्याने काय उत्तर दिलं ते इथे टाका, पुढचं त्यावरून बोलू.