लिनक्स मिंटमध्ये खिडक्या अडखळतात, गेम रखडतो: ग्राफिक्स कार्ड चालतंय की नाही, कसं ओळखावं?

तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया अशी दोन ग्राफिक्स कार्डं आहेत, इंदूरच्या दुकानदाराने लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून दिलं, आता खिडक्या अडखळतात, गेम रखडतो आणि तो म्हणतो, ‘लिनक्स में ये सब नहीं चलता, विंडोज डलवा लो.’ मीही इंदूरचाच. हे वाक्य आपल्याकडे ठरलेलंच आहे, मनावर घेऊ नका.

आधी चित्र काढतंय कोण ते बघा. टर्मिनलमध्ये ‘जीएलएक्सइन्फो’ चालवा (नसेल तर ‘मेसा-युटिल्स’ टाका) आणि ‘रेंडरर’ची ओळ शोधा. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं, तर दोन्ही कार्डं स्वस्थ बसलीत आणि सगळा भार एकट्या प्रोसेसरवर आहे. फक्त एनव्हिडियाचा ड्रायव्हर नसता तर इंटेलने डेस्कटॉप सहज सांभाळला असता, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि मेसा (लिनक्सची ग्राफिक्स लायब्ररी) यांच्यातच येतो. तेव्हा माझा संशय ‘नोमोडसेट’वर, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरला रोखणाऱ्या बूट-पर्यायावर. स्क्रीन काळी पडू नये म्हणून इन्स्टॉल करताना कंपॅटिबिलिटी मोड निवडतात, आणि हा शब्द कधीकधी ग्रबच्या (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) सेटिंगमध्ये तसाच राहून जातो. ईटीसीच्या डिफॉल्ट फोल्डरातल्या ग्रब फाइलमधून तो काढा, ‘अपडेट-ग्रब’ चालवा, रीस्टार्ट करा. खिडक्यांचं अडखळणं बहुधा इथेच थांबेल.

मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून ‘रेकमेंडेड’ लिहिलेला एनव्हिडिया ड्रायव्हर घ्या. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून टाकू नका, पुढच्या कर्नल अपडेटला रडाल. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठरवायला सांगू शकतो. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल मोक’ (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा थोडा वेळच थांबतो. चहा आणायला गेलात की मशीन गुपचूप सुरू होतं, ड्रायव्हर टाकलेला असूनही लोड होत नाही, आणि लोक कार्डाला दोष देतात. ‘एनव्हिडिया-एसएमआय’ने कार्डाचं नाव दाखवलं की समजा जमलं.

बॅटरी वाचवायला प्राइमचा (दोन कार्डांत अदलाबदल करणारी एनव्हिडियाची सोय) ‘ऑन-डिमांड’ मोड ठेवा. मेनूमध्ये स्टीमवर (गेम विकत घेऊन चालवायचं ॲप) राइट क्लिक करून ‘डेडिकेटेड जीपीयू’वाला पर्याय घेतला की गेमही एनव्हिडिया कार्डावर चालतात. विंडोजचे गेम स्टीममधल्या प्रोटॉनमधून चालतात. स्टीमवाल्या व्हाल्व कंपनीने ते 2018 मध्ये आणलं. त्यातलं डीएक्सव्हीके विंडोजच्या डायरेक्टथ्रीडी ग्राफिक्सचं काम लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनकडे वळवतं, म्हणून पहिल्यांदा शेडर (कार्डावर चालणारे छोटे चित्र-प्रोग्राम) तयार होईपर्यंत गेम थोडा अडखळणारच. चार्जर लावूनच खेळा.

व्हॅलोरंट हा गेम मात्र विसरा. त्याचं व्हॅनगार्ड (चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालत नाही. त्यासाठी विंडोज 11 वेगळ्या पार्टिशनवर ठेवणार असाल तर कुणाच्या सल्ल्याने सिक्युअर बूट बंद करू नका, व्हॅनगार्डला तिथे ते चालूच लागतं.